पेनड्राइव्हवर नेमकी कोणती विंडोज आहे? प्रकार आणि चाचणी बिल्ड ओळखण्याची रीत

या विषयात मराठीची अडचण पहिल्याच पायरीवर होते. होम आणि प्रो यांनाही आपण ‘आवृत्ती’ म्हणतो आणि २३एच२, २४एच२ यांनाही ‘आवृत्ती’च म्हणतो. इन्स्टॉलरच्या लेखी मात्र या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चुकीची विंडोज बसते, विकत घेतलेली की (प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा पंचवीस अक्षरांचा संकेत) चालत नाही किंवा सगळा डेटा पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. म्हणून या लेखापुरते शब्द पक्के करू. होम, प्रो, एज्युकेशन हे ‘प्रकार’. २४एच२ ही ‘आवृत्ती’. २६१०० हा ‘बिल्ड’ क्रमांक, बिल्ड म्हणजे विंडोजची तयार झालेली एक ठरावीक प्रत. लोकांसाठी अधिकृतपणे बाहेर पडण्याआधी तपासणीसाठी दिलेला बिल्ड तो ‘चाचणी बिल्ड’.

आज्ञा आणि फाईलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहावीत.

फाईलच्या नावावर विसंबू नका

‘विन११ प्रो फायनल’ असे नाव कोणीही कुठल्याही आयएसओ फाईलला (इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाईलमधली प्रत) देऊ शकतो. पेनड्राइव्हवर चिकटवलेल्या कागदालाही तेवढाच अर्थ. इन्स्टॉलर या दोन्हींकडे बघत नाही. तो बघतो ते ‘सोर्सेस’ फोल्डरमधल्या मोजक्या फाईलींकडे:

- इन्स्टॉल.विम: प्रत्यक्ष विंडोज हिच्यात असते. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवला असेल तर हीच फाईल जास्त दाबलेल्या रूपात, म्हणजे इन्स्टॉल.ईएसडी या नावाने येते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, म्हणून काही वेळा तिचे तुकडे करून .एसडब्ल्यूएम फाईली ठेवलेल्या असतात.
- ईआय.सीएफजी: कोणता प्रकार बसवायचा हे सांगणारी छोटी मजकूर फाईल. असेलच असे नाही.
- पीआयडी.टीएक्सटी: प्रॉडक्ट की ठेवलेली फाईल. हीसुद्धा ऐच्छिक.

एका इन्स्टॉल.विममध्ये अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकाला एक अनुक्रमांक, म्हणजे इंडेक्स असतो. सगळ्या प्रकारांत सामाईक असलेली फाईल आत एकदाच साठवली जाते. त्यामुळे अकरा प्रकार असले तरी जागा अकरा पट लागत नाही.

आत काय आहे ते वाचणे

१. आयएसओ फाईलवर डबल क्लिक करा. ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. तिला ई: हे अक्षर मिळाले असे धरू.

२. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल ‘अ‍ॅडमिन’ म्हणून उघडा. साध्या खिडकीतून ही आज्ञा परवानगी नाकारते.

३. लिहा: गेट-विंडोजइमेज -इमेजपाथ ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

आतल्या सगळ्या प्रकारांची यादी येईल. घरगुती वापराच्या आयएसओमध्ये साधारणपणे १ वर होम, ३ वर होम सिंगल लँग्वेज आणि ६ वर प्रो असते. क्रमांक पाठ करू नका, दर वेळी यादी बघा. एंटरप्राइझ या आयएसओत नसते. ते संस्थांसाठीच्या वेगळ्या आयएसओत येते.

४. आता एकाच प्रकाराचा तपशील मागा. तीच आज्ञा, शेवटी -इंडेक्स ६.

उत्तरातल्या चार ओळी कामाच्या. ‘इमेजनेम’समोर विंडोज ११ प्रो असे दिसेल. ‘व्हर्जन’समोर १०.०.२६१०० आणि पुढे आणखी एक आकडा. ‘एडिशनआयडी’समोर प्रोफेशनल. ‘इन्स्टॉलेशनटाइप’समोर क्लायंट. १०.० बघून ही विंडोज १० आहे असे समजू नका. विंडोज ११ देखील स्वतःला आतून १०.० च म्हणवते, फरक बिल्डमध्ये आहे. घरच्या संगणकावरच्या विंडोजचा बिल्ड २२००० किंवा त्यापुढचा असेल तर ती ११. ‘इन्स्टॉलेशनटाइप’ बघायचे कारण असे की २६१०० हाच बिल्ड विंडोज ११ २४एच२ चाही आहे आणि विंडोज सर्व्हर २०२५ चाही.

अ‍ॅडमिन परवानगी नसेल तर सेव्हन-झिप वापरा. इन्स्टॉल.विम त्यात उघडली की १, २, ३ अशा फोल्डरांशेजारी [१].एक्सएमएल ही फाईल दिसते. ती नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक प्रकाराचा एडिशनआयडी, बिल्ड आणि भाषा सापडतात.

‘इमेजनेम’ हे नुसते लेबल आहे. इमेज (विम फाईलमधली एका प्रकाराची विंडोज) एका फाईलमधून दुसरीत काढताना कोणालाही ते बदलता येते. संशय असेल तर इमेज केवळ वाचण्यापुरती जोडून आतून विचारा. त्यासाठी सी: मध्ये ‘तपास’ अशा अर्थाचे, पण इंग्रजी नावाचे एक रिकामे फोल्डर करा. माउंट-विंडोजइमेज ही आज्ञा -इमेजपाथ, -इंडेक्स, -पाथ आणि -रीडओन्ली यांसह चालवा. मग गेट-विंडोजएडिशन -पाथ आणि त्या फोल्डरचा पत्ता. इथे येणारे उत्तर लेबलावरून नाही, खुद्द आतल्या विंडोजकडून येते. काम झाले की डिसमाउंट-विंडोजइमेज -डिस्कार्ड द्यायला विसरू नका, नाहीतर फोल्डर अडकून राहते आणि पुसताही येत नाही. ईएसडी फाईल अशी जोडता येत नाही. तिच्यातून आधी विम काढावी लागते.

आतली नावे आणि बाहेरची नावे

खोक्यावर लिहिलेले नाव आणि इन्स्टॉलरला कळणारे नाव यांचा मेळ नवख्या माणसाला बसत नाही, कारण एडिशनआयडीत ‘होम’ हा शब्द कुठेच नाही. होमला आत ‘कोअर’ म्हणतात. होम सिंगल लँग्वेजला ‘कोअरसिंगललँग्वेज’, प्रोला ‘प्रोफेशनल’, एंटरप्राइझ एलटीएससीला (वर्षानुवर्षे फारसा न बदलणारा एंटरप्राइझ) ‘एंटरप्राइझएस’. ‘कोअरकंट्रीस्पेसिफिक’ हा चीनसाठीचा होम.

ज्यांच्या शेवटी एन आहे, ते प्रकार युरोपासाठीचे. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयामुळे ते निघाले आणि त्यांत मीडिया प्लेअर व त्याच्यासोबतचे भाग नसतात. यादीत होम आणि होम एन एकाखाली एक असतात, त्यामुळे घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक होतो. मग व्हिडिओ चालत नाहीत आणि होमची की होम एनला लागूही पडत नाही. मीडिया फीचर पॅक घालून व्हिडिओचे भागेल, कीचे भागणार नाही. तिथे पुन्हा इन्स्टॉल करणे हाच मार्ग.

सिंगल लँग्वेजबद्दल दोन शब्द जास्त, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक लॅपटॉपवर हाच प्रकार आलेला असतो. यात मेनू आणि सूचनांची भाषा एकच राहते. इंग्रजीत आलेल्या लॅपटॉपचे मेनू मराठीत करायला गेलात तर तुमच्या परवान्यात एकच भाषा बसते, असे तो सांगतो. मराठी टायपिंगला मात्र याची काहीही आडकाठी नाही. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड नेहमीप्रमाणे घालता येतो. मेनूही मराठीतच हवे असतील तर साधे होम किंवा प्रो लागेल.

प्रकार ठरतो कसा

इन्स्टॉलर या क्रमाने बघतो: आधी उत्तरांची तयार फाईल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरे), ईआय.सीएफजी किंवा पीआयडी.टीएक्सटी आहे का. नसेल तर मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमधला कायमचा प्रोग्राम) कंपनीने की ठेवली आहे का. तीही नसेल तर तुम्हाला विचारतो.

दुसऱ्या पायरीमुळे सर्वात जास्त लोक गोंधळतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून लॅपटॉप कंपन्या फर्मवेअरमधल्या एमएसडीएम नावाच्या तक्त्यात त्या यंत्राची स्वतंत्र की ठेवतात. त्याआधी विस्टा आणि ७ च्या काळात स्लिक नावाचा तक्ता असे, त्यात कंपनीची ओळख असे, यंत्राची स्वतंत्र की नसे. एमएसडीएममधली की सापडली की इन्स्टॉलर प्रकार विचारणारा पडदा दाखवतच नाही. तुम्ही प्रोची की विकत आणलेली असते, पेनड्राइव्हवर प्रो असते, आणि बसते सिंगल लँग्वेज. पेनड्राइव्ह चुकलेला नसतो, इन्स्टॉलर नेमून दिल्याप्रमाणेच वागत असतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणत्या प्रकाराची की आहे हे आधीच बघून ठेवा. पॉवरशेलमध्ये कंसात गेट-सिमइन्स्टन्स सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस लिहा. कंस बंद करून टिंब द्या आणि पुढे ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकीडिस्क्रिप्शन जोडा. उत्तरात कोअरसिंगललँग्वेज किंवा प्रोफेशनल असा शब्द मिळतो. शेवटचा ‘डिस्क्रिप्शन’ गाळला तर खुद्द की दिसते. तिचा फोटो काढून कुणाला पाठवू नका. काहीच उत्तर आले नाही तर फर्मवेअरमध्ये की नाही.

ईआय.सीएफजी बनवणे

आयएसओमध्ये बदल करता येत नाही, म्हणून आधी पेनड्राइव्ह तयार करा आणि त्याच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ही फाईल ठेवा. मजकूर इंग्रजीत, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर:

[एडिशनआयडी]
प्रोफेशनल
[चॅनल]
रिटेल
[व्हीएल]
०

चॅनल म्हणजे परवाना कोणत्या मार्गाने घेतला ते, रिटेल म्हणजे सुट्या विक्रीचा. व्हीएल म्हणजे संस्थांचा सामूहिक परवाना. तो नसेल तर शून्य, असेल तर १. एक ठरावीक प्रकार नको, सगळी यादीच डोळ्यांसमोर यावी असे वाटत असेल तर एडिशनआयडीच्या दोन्ही ओळी वगळून चॅनल आणि व्हीएल एवढेच ठेवा.

फाईल सेव्ह करताना नोटपॅड मागे गुपचूप .टीएक्सटी जोडतो. एक्सप्लोररमध्ये शेवटची अक्षरे लपवलेली असतात, म्हणून नाव बरोबर दिसते आणि इन्स्टॉलरला मात्र फाईल सापडत नाही. ‘माझी ईआय.सीएफजी चालतच नाही’ या तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासावे. सेव्ह अ‍ॅजमध्ये ‘ऑल फाईल्स’ निवडा आणि नंतर एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून खात्री करा.

की थेट द्यायची असेल तर पीआयडी.टीएक्सटीमध्ये पहिल्या ओळीवर [पीआयडी] आणि दुसऱ्या ओळीवर व्हॅल्यू= लिहून पुढे पंचवीस अक्षरांची की. ही फाईल काम झाल्यावर पुसून टाका. तो पेनड्राइव्ह उद्या दुसऱ्याच्या हाती जातो आणि की त्याच्यासोबत जाते.

या फाईली इन्स्टॉलरला फक्त प्रकार सांगतात, परवाना देत नाहीत. हेच मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या सर्वसाधारण कींनाही लागू आहे. त्यांनी प्रो बसेल, पण सक्रिय होण्यासाठी स्वतःचा परवाना लागेलच.

संदेश आणि त्यांची कारणे

‘दिलेली की उपलब्ध असलेल्या कोणत्याही विंडोज इमेजशी जुळत नाही’ असा संदेश आला तर की एका प्रकाराची आहे आणि तो प्रकार या इन्स्टॉल.विममध्ये नाही. एंटरप्राइझच्या पेनड्राइव्हवरून सिंगल लँग्वेजचा लॅपटॉप बसवायला गेले की हे हमखास होते, कारण की तुम्ही टाईप केलेली नसून फर्मवेअरमधून आलेली असते. वर दिलेली यादी काढून बघा, दोन मिनिटांत उलगडा होतो.

‘परवान्याच्या अटी सापडत नाहीत, इन्स्टॉलेशनचा स्रोत तपासा’ हा संदेश दिशाभूल करतो. डिस्क खराब आहे असे वाटून लोक नवा पेनड्राइव्ह आणतात. ईआय.सीएफजीमधला प्रकार किंवा चॅनल आतल्या इमेजशी जुळत नसेल तरीही हाच संदेश येतो. ती फाईल तात्पुरती दुसरीकडे हलवा आणि पुन्हा चालवून बघा. तरीही तोच संदेश आला तर डाउनलोड अर्धवट झाला असण्याची शक्यता धरा. गेट-फाईलहॅश ही आज्ञा आयएसओवर चालवा आणि आलेली संख्या मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या संख्येशी ताडून बघा. एकही अक्षर वेगळे असेल तर ती फाईल वापरू नका.

अपग्रेड करताना ‘फाईली आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय करडा पडला असेल तर पुढे जाऊ नका. चालू असलेल्या विंडोजचा प्रकार किंवा भाषा पेनड्राइव्हशी जुळत नाही, किंवा चालू बिल्ड पेनड्राइव्हवरच्यापेक्षा नवा आहे, यांपैकी एक कारण असते. ‘काहीच ठेवू नका’ वर बोट ठेवण्याआधी रद्द करा आणि जुळवून घ्या.

चाचणी बिल्ड कसा ओळखावा

बसलेल्या विंडोजमध्ये हे सोपे आहे. विंडोज आणि आर ही बटणे दाबून विनव्हर चालवा. बिल्ड दिसतो, आणि मुदतीचा चाचणी बिल्ड असेल तर तो कधी संपणार ती तारीखही दिसते. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात ‘इव्हॅल्युएशन कॉपी’ आणि बिल्ड क्रमांक छापलेला असतो.

न बसवलेल्या आयएसओबाबत जास्त काळजी लागते. पूर्ण ओळख रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या कोठारातल्या) बिल्डलॅबईएक्स नावाच्या नोंदीत असते. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत ती अशी आहे: २२०००.१.एएमडी६४एफआरई.सीओ_रिलीज.२१०६०४-१६२८. तुकडे पाडून वाचा. २२००० हा बिल्ड. एएमडी६४ म्हणजे ६४ बिट. एफआरई म्हणजे सामान्य वापराचा बिल्ड. याच जागी सीएचके असेल तर तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीचा संथ बिल्ड. सीओ_रिलीज ही ज्या शाखेतून तो तयार झाला तिचे नाव. शेवटी तयार झाल्याची तारीख आणि वेळ: २०२१ सालचा ४ जून, दुपारी ४ वाजून २८ मिनिटे. विंडोज ७ मध्ये याच जागी विन७_आरटीएम असे असे आणि त्याच्या आरसीमध्ये (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीच्या अगदी आधीचा चाचणी बिल्ड) विनमेन_विन७आरसी. त्या काळी शाखेचे नाव वाचून काम भागत होते.

आता भागत नाही. २८ जून २०२१ ला इन्सायडर सदस्यांना (चाचणी बिल्ड वापरून बघणाऱ्यांना) दिलेला पहिला विंडोज ११ बिल्ड २२०००.५१ होता आणि ५ ऑक्टोबरला सर्वांसाठी आलेला २२०००.१९४. दोन्ही २२०००, शाखाही एकच. फरक टिंबानंतरच्या आकड्यात. म्हणून ‘२२००० म्हणजे अंतिम’ किंवा ‘२६१०० म्हणजे अंतिम’ असे म्हणू नका. टिंबानंतरचा आकडा घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रकाशन इतिहासात तो नोंदला आहे का ते बघा.

आणखी एक खूण फाईलच्या डिजिटल सहीत असते. सेटअप.ईएक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, तिथून प्रमाणपत्र उघडा आणि प्रमाणपत्रांची साखळी बघा. साखळीत ‘मायक्रोसॉफ्ट डेव्हलपमेंट’ असे नाव असेल तर ते चाचणी बिल्डचे लक्षण. सहीच नसेल तर तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवा, मग त्याच्या आत काहीही असो. सामान्य विंडोजवर असा बिल्ड परस्पर चढवला आणि संगणकाला चाचणी सह्या मान्य करण्याची सूचना नसेल, तर पुढच्या बूटला निळा पडदा आणि ०एक्ससी००००४२८ हा क्रमांक येतो.

मुदत संपणारा प्रत्येक बिल्ड चाचणी बिल्ड नसतो. मायक्रोसॉफ्ट एंटरप्राइझची ९० दिवसांची आणि सर्व्हरची १८० दिवसांची अजमावण्यासाठीची प्रत देते. तिच्यातली विंडोज अंतिमच असते. ओळख एडिशनआयडीत: एंटरप्राइझइव्हल, सर्व्हरस्टँडर्डइव्हल. मुदत संपल्यावर ती दर तासाला बंद पडते. सर्व्हरची अशी प्रत की देऊन पूर्ण करता येते. एंटरप्राइझची येत नाही, ती पुसून नव्याने बसवावी लागते. शिकाऊ मंडळी प्रयोगशाळेत हीच प्रत घालतात आणि तिसऱ्या महिन्यात अडकतात, म्हणून आधीच एडिशनआयडी वाचावा.

चाचणीतून परत येणे

चाचणी बिल्डवरून अंतिम आवृत्तीवर येताना इन्स्टॉलर बिल्ड क्रमांकांची तुलना करतो. अंतिम आवृत्तीचा बिल्ड लहान असेल तर फाईली ठेवून खाली उतरता येत नाही. चाचणी बिल्ड अपग्रेड करून घातला असेल तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधून मागे जाता येते, नंतर नव्याने बसवणे आले. डिस्क क्लीनअपने जुनी विंडोज पुसली असेल तर दहा दिवसांचीही सोय उरत नाही.

क्रमांक मोठा असूनही नकार येऊ शकतो. विंडोज ७ च्या आरसीने २००९ मध्ये आपल्याच बीटावरून (आरसीच्या आधीचा चाचणी बिल्ड) अपग्रेड करू दिले नव्हते. अडवणारी ओळ सोर्सेसमधल्या सीव्हर्जन.आयएनआय फाईलमध्ये होती. ‘मिनक्लायंट’पुढे ज्या बिल्डखालून अपग्रेड चालणार नाही तो आकडा होता. तो बदलून ७००० करायचा मार्ग मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केला, पण सल्ला नव्याने बसवण्याचाच दिला. चाचणी बिल्डमधल्या अर्धवट सेटिंग्ज अंतिम विंडोजमध्ये ओढून आणण्यात आजही फायदा नाही. तो आरसी १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी बंद पडू लागला आणि १ जूनला संपला.

जुन्या सीडी

एक्सपीच्या सीडीत इन्स्टॉल.विम नव्हती. तिथे सीडीच्या मुळाशी विन५१आयपी (प्रोफेशनल) किंवा विन५१आयसी (होम) अशा नावाची चिमुकली फाईल असे. आतल्या मजकुराला अर्थ नव्हता, फाईल असणे हीच खूण. सर्व्हिस पॅक असलेल्या सीडीत तिच्याच जोडीला .एसपी२ शेपटीची फाईल. सीडी कॉपी करताना ‘ही फालतू फाईल कशाला’ म्हणून ती गाळली, की अर्ध्या इन्स्टॉलेशनमध्ये संगणक म्हणतो ‘विंडोज एक्सपी प्रोफेशनलची सीडी घाला’, आणि सीडी तर ड्राइव्हमध्येच असते. ती फाईल परत ठेवून सीडी नव्याने लिहिली की झाले. परवान्याची जात आय३८६ फोल्डरमधल्या सेटअपपी.आयएनआयमध्ये, पीआयडी= पुढच्या आकड्याच्या शेवटच्या तीन अंकांत: २७० असेल तर सामूहिक परवान्याची सीडी.

इन्स्टॉलर अडला तर

इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएनही). काळी खिडकी उघडेल. नोटपॅड लिहून एंटर द्या आणि एक्स:\विंडोज\पँथर मधली सेटअपअ‍ॅक्ट.लॉग उघडा. चालू विंडोजमधून अपग्रेड करत असाल तर हीच फाईल सी: वरच्या $विंडोज.~बीटी या लपलेल्या फोल्डरात, सोर्सेस\पँथर मध्ये असते. आत ‘एडिशन’ आणि ‘ईआय.सीएफजी’ हे शब्द शोधा. कोणती फाईल वाचली, की कुठून घेतली आणि कोणता प्रकार निवडला, हे त्या ओळींमध्ये वेळेसकट नोंदलेले असते. मदत मागताना पडद्याचा फोटो पाठवण्याऐवजी की झाकून त्या ओळी पाठवा.